कर्जत नेमके कोणते?

समजा, कर्जतच्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गाला प्रकल्प दिला आहे : ‘आमच्या तालुक्यातील वन्यप्राणी’. एक मुलगी घरच्या मोबाईलवर ‘कर्जत’ आणि ‘अभयारण्य’ असे दोन शब्द टाकून शोध घेते. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत काळविटाचे सुबक चित्र आणि रेहेकुरी अभयारण्याची माहिती असते. माहिती अगदी खरी आहे. रेहेकुरी कर्जत तालुक्यातच आहे. फक्त तो कर्जत तालुका रायगडचा नव्हे, तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचा!

अशा वेळी शिक्षकांनी मुलीवर रागावू नये. तिने विचारलेले दोन्ही शब्द ज्या पानावर होते ते पान यंत्राने तिच्यापुढे ठेवले. अडचण शब्दातच आहे. ‘कर्जत’ या शब्दाचे महाराष्ट्रात निदान तीन अर्थ होतात. एक, उल्हास नदीच्या काठचे, धो धो पावसाचे आपले कर्जत. दुसरे, अवर्षणाशी झगडणारे अहिल्यानगरचे कर्जत. तिसरा अर्थ भातशेतीतला : आपल्या कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात तयार झालेल्या भाताच्या जाती ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशा नावांनी ओळखल्या जातात. तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातला शेतकरी ‘कर्जत’ शोधतो, तेव्हा त्याला गाव नको असते, बियाणे हवे असते.

शेजारच्या खालापूर तालुक्यात आणखी एक गंमत आहे. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे महड या तालुक्यात. चवदार तळ्याचे महाड याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेला. देवनागरीत दोन्हींत एका कान्याचा फरक आहे. रोमन लिपीत मात्र दोन्ही नावे सहसा एकसारखीच लिहिली जातात.

या गोंधळातून हवे ते पान काढून देण्याचे दोन मार्ग माणसाने महाजालासाठी वापरले. एक, डिरेक्टरी, म्हणजे माणसांनी पाहून, निवडून, वर्गवार लावलेली संकेतस्थळांची सूची. दुसरा, सर्च इंजिन, म्हणजे शोधयंत्र. आज आपण बहुतेक वेळा दुसराच मार्ग वापरतो आणि पहिला जवळजवळ विसरलो आहोत. पण शोधयंत्र एखादे पान वर का दाखवते आणि एखादे खाली का ढकलते, हे समजून घ्यायचे तर डिरेक्टरीची गोष्ट माहीत असायला हवी. पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याने बरीच वाटचाल केली आहे.

तलाठ्याच्या दफ्तरातील दोन वह्या

महाजालावर सातबारा पाहायचा असेल तर आपण काय करतो? आधी जिल्हा निवडतो, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी गट क्रमांक. रायगड निवडून मग कर्जत निवडले, की दुसऱ्या कर्जतची जमीन समोर येण्याचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या वर्गात लहान वर्ग, त्यात आणखी लहान वर्ग, अशी ही उतरंड आहे. डिरेक्टरीची रचना अशीच असते. तिच्यात प्रत्येक गोष्टीला जागा ठरवून दिलेली असते आणि त्या जागेवरूनच तिचा अर्थ स्पष्ट होतो.

त्याच दफ्तरात गाव नमुना आठ-अ असतो. सातबारा जमिनीच्या तुकड्यावरून धारकाकडे नेतो. आठ-अ खातेदाराच्या नावावरून त्याच्या सगळ्या जमिनींकडे नेतो. माहिती तीच, मांडणी उलटी. शोधयंत्र असेच काम करते. त्याचे प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात महाजाल वाचतात आणि एक प्रचंड उलटी वही तयार करतात. या वहीत प्रत्येक शब्दापुढे, तो शब्द ज्या ज्या पानांत आला त्यांचे क्रमांक लिहिलेले असतात. उदाहरणार्थ,

कर्जत : पान १, ४, ७
अभयारण्य : पान ३, ७, ९

आता दोन्ही शब्द एकदम विचारले की दोन याद्यांतील समान क्रमांक काढायचा : पान ७. आपल्या विद्यार्थिनीला रेहेकुरी मिळाले ते असे. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर डिरेक्टरी ही सुरुवातीची अनुक्रमणिका आणि शोधयंत्र ही शेवटची शब्दसूची. अनुक्रमणिका लेखक विचार करून बनवतो. शब्दसूचीला विचार लागत नाही, चिकाटी लागते. म्हणून ती यंत्राला जमते.

माणसे याद्या करीत तेव्हा

१९९४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या संकेतस्थळांची यादी केली. यादी लांबली तेव्हा त्यांनी तिचे वर्ग पाडले; वर्ग मोठे झाले तेव्हा उपवर्ग पाडले. हीच पुढे ‘याहू’ झाली. या नावाच्या इंग्रजी अक्षरांचा जो विस्तार त्यांनी सांगितला, त्यातले ‘एच’ हे अक्षर उतरंडीसाठीच्या इंग्रजी शब्दाचे होते. वर्गांची रचना नीट राहावी म्हणून १९९५ मध्ये श्रीनिजा श्रीनिवासन यांना तेथे नेमण्यात आले. ग्रंथपालाचे काम आता महाजालासाठी सुरू झाले होते.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ हे संकेतस्थळ काढले होते. त्याच्या भावंडांची नावे साधी आणि देशी होती : समाचार, खेल, बावर्ची आणि ‘खोज’. ‘खोज’ भारतीय संकेतस्थळांचा ठावठिकाणा सांगत असे. १९९९ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ने हा सारा संसार ४९९ कोटी रुपयांना विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा देशभर चर्चा झाली. महाजालावर काय कुठे आहे हे सांगणाऱ्याला केवढी किंमत आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

तिसरा प्रयोग आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेन्टा आणि बॉब ट्रूएल यांनी स्वयंसेवकांनी चालवायची डिरेक्टरी सुरू केली. ती पुढे ‘ओपन डिरेक्टरी’ किंवा ‘डीमॉझ’ या नावाने प्रसिद्ध झाली. जगभरातील हौशी माणसे एकेक वर्ग सांभाळायला घेत. कोणी संकेतस्थळ सुचवले की संपादक ते उघडून पाही. त्यात स्वतःची अशी माहिती आहे का, की नुसतीच जाहिरात, हे तपासे. ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’ असली विशेषणे गाळून एक-दोन ओळींचे वर्णन लिही आणि योग्य वर्गात नोंद करी. महाराष्ट्रातील स्थळ ‘प्रादेशिक, आशिया, भारत, महाराष्ट्र’ अशा पायऱ्या उतरून सापडे. ही सूची अखेरीस ९० भाषांत, ३८ लाखांहून अधिक नोंदींची झाली होती. तिच्यातील माहिती कोणालाही घेऊन वापरता येत असे. गूगलनेही २००० पासून २०११ पर्यंत तिच्याच आधारे स्वतःची डिरेक्टरी चालवली.

एका वस्तूची अनेक घरे

उतरंडीत एक मूळचीच अडचण असते. खरे उदाहरण घेऊ. माथेरानची जुनी माहिती हवी म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा जिल्ह्याचा जुना खंड उघडला, तर माथेरान तेथे मिळणार नाही. ते १८८२ मध्ये छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. कारण तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. कुलाब्यात तो १८९१ मध्ये आला आणि कुलाब्याचे ‘रायगड’ हे नाव १९८१ मध्ये झाले. डोंगर जागचा हलला नाही, पण त्याचा वर्ग बदलला. सूची करणाऱ्याच्या काळाची माहिती नसेल तर शोधणारा चुकीचे दार ठोठावत राहतो.

आता भिवपुरीचे टाटांचे जलविद्युत केंद्र घ्या. ते १९२२ मध्ये सुरू झाले. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे त्याआधी, १९१५ मध्ये. भिवपुरीच्या केंद्राची नोंद कुठे करावी? विजेत? धरणांत? उद्योगांच्या इतिहासात? की कर्जत तालुक्यात? डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी या प्रश्नावर आयुष्यभर विचार केला. १९३३ साली त्यांनी मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे विषयाचे, स्थळाचे, काळाचे असे निरनिराळे पैलू क्रमांकातच जोडून लिहिता येतात. डिरेक्टऱ्यांनी यावर सोपा उपाय काढला : एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे बोट दाखवायचे. पण महाजालाची पाने लाखांवरून कोटींवर गेली, तेव्हा बोट दाखवायला माणसेच पुरेनात. नोंदीसाठी पाठवलेली पत्रे महिनोन् महिने पडून राहू लागली. जुनी स्थळे बंद पडली तरी त्यांची नावे यादीत तशीच राहत.

शिफारशींची मोजणी

यंत्रे अर्थात भराभर वाचत. डिसेंबर १९९५ मध्ये आलेले ‘अल्टाविस्टा’ हे त्या काळातील नावाजलेले शोधयंत्र. पण हजार पानांत ‘माथेरान’ हा शब्द असेल, तर पहिले पान कोणते दाखवायचे? शब्द किती वेळा आला ते मोजावे, तर लबाड माणूस ‘माथेरान माथेरान माथेरान’ असे शंभर वेळा लिहून ठेवी. मजकुराला मजकुराच्याच साक्षीने पारखणे धोक्याचे होते. बाहेरचा साक्षीदार हवा होता.

अशा साक्षीदाराची कल्पना वैज्ञानिकांच्या जगात आधीपासून होती. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला, याची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून छापायला सुरुवात केली. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्याच सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ही कल्पना महाजालाला लावून ‘पेजरँक’ ही पद्धत मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला म्हणजे त्याची शिफारस केली, असे त्यांनी धरले. मात्र सगळ्या शिफारशी सारख्या नाहीत. ज्याची स्वतःची शिफारस पुष्कळांनी केली आहे, त्याच्या शब्दाला वजन जास्त. आणि जो ऊठसूट सगळ्यांचीच शिफारस करतो, त्याचे वजन तितक्या वाट्यांत विभागले जाते.

हिशेब सोपा करून पाहू. एका प्रतिष्ठित पानाकडे १० गुण आहेत आणि त्याने ५ दुवे दिले आहेत, तर प्रत्येकाला २ गुण मिळतील. दुसऱ्या, कोणी न ओळखणाऱ्या पानाकडे १ गुण आहे आणि त्याने १,००० दुवे दिले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला एक-सहस्रांश गुण. अशा ५०० पानांवर नाव आले तरी बेरीज अर्धा गुणच!

डिरेक्टऱ्यांचे महत्त्व आता लक्षात येईल. याहू किंवा डीमॉझ यांच्याकडे असंख्य पानांनी दुवे दिलेले असत. म्हणजे त्यांचे वजन मोठे. तेथील नोंद जाणत्या माणसाने पाहून केलेली. म्हणजे शिफारस खरी. अशा नोंदीमुळे नव्या संकेतस्थळाला चार फायदे होत. डिरेक्टरी चाळणारे वाचक थेट येत. दुव्यांवरून फिरणाऱ्या यंत्राला नव्या पानाचा रस्ता सापडे. शिफारशीचे गुण मिळून पान यादीत वर सरके. आणि गूगल पुष्कळदा डीमॉझच्या संपादकाने लिहिलेले वर्णनच पानाच्या नावाखाली दाखवी. शोधयंत्रात आपले पान वर यावे म्हणून जे प्रयत्न करतात, त्यांना ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. त्या काळी या कामाची पहिली पायरी ठरलेली असे : आधी चांगल्या डिरेक्टरीत नोंद करा. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांतही तसा सल्ला होता.

वर्गात करून पाहा

ही मोजणी संगणकाशिवाय, एका फाशावर करता येते. चार विद्यार्थ्यांना चार पाने करा : ‘सूची’, ‘शाळा’, ‘घरगुती मुक्काम’ आणि ‘गडवाट’. दुवे असे द्या :

सूची : शाळा, मुक्काम, गडवाट या तिघांकडे
शाळा : सूचीकडे
मुक्काम : शाळेकडे
गडवाट : सूचीकडे आणि शाळेकडे

पाचवा विद्यार्थी वाटसरू. तो कोणत्याही एका पानापाशी उभा राहतो. फासा टाकायचा. १ ते ५ पडले तर त्या पानाच्या दुव्यावरून पुढे जायचे. दुवे अनेक असतील तर फासा पुन्हा टाकून त्यांपैकी एक निवडायचा. ६ पडला तर वाटसरू कंटाळला असे समजून चार चिठ्ठ्यांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची आणि त्या पानावर उडी मारायची. ब्रिन आणि पेज यांनीही असाच कंटाळणारा वाटसरू कल्पिला होता. दुव्यावरून पुढे जाण्याची शक्यता त्यांनी साधारण ०.८५ धरली. आपल्या फाशाची पाच-षष्ठांश म्हणजे ०.८३ आहे.

अशा १२० खेपा करा आणि कोणत्या पानावर वाटसरू किती वेळा आला ते फळ्यावर मांडा. गणिताने येणारे आकडे असे : सूची सुमारे ४५, शाळा ४०, मुक्काम १८ आणि गडवाट १८. तुमच्या वर्गात थोडे कमी-जास्त येतील. तो संभाव्यतेचा धडा समजा. शाळेकडे तीन दुवे येतात आणि सूचीकडे दोनच, तरी सूची पुढे का? शाळा आपले सगळे वजन एकट्या सूचीला देते म्हणून. हे मुलांनाच शोधू द्या.

आता खेळाचा दुसरा भाग. आणखी चार विद्यार्थी उभे करा. ही खोट्या डिरेक्टऱ्यांची पाने. त्यांच्याकडे कोणाचाही दुवा नाही. त्यांचा प्रत्येकाचा एकच दुवा, ‘मुक्काम’कडे. डब्यात आठ चिठ्ठ्या ठेवा आणि पुन्हा १२० खेपा करा. मुक्कामाचे १८ चे सुमारे २२ होतील आणि गडवाट १८ वरून १३ वर घसरेल. मुक्कामाच्या पानात एका अक्षराची भर पडलेली नाही, गडवाटेच्या पानाचे काही बिघडलेले नाही. तरी बरोबरीचे दोघे आता वर-खाली झाले. चार खोट्यांनी एवढे केले, तर चार हजारांनी काय होईल?

शिफारस विकत मिळू लागली

प्रत्यक्षात तेच झाले. दुव्याला भाव आला तेव्हा दुव्यांचा बाजार भरला. याहू व्यापारी स्थळांकडून नोंदीच्या पाहणीसाठी वर्षाला २९९ डॉलर घेऊ लागली. पण निदान तेथे पाहणी होत असे. पुढे नाममात्र डिरेक्टऱ्यांचे पीक आले. त्यांचे वाचक कोणीच नव्हते. पैसे भरा, दुवा घ्या. शेकडो डिरेक्टऱ्यांत एकदम नोंद करून देणारे दलाल आले. डीमॉझसारख्या सेवाभावी सूचीतही काही संपादकांवर पक्षपाताचे आरोप होऊ लागले.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली एक निरीक्षण मांडले होते. त्याचा आशय असा : एखादे माप हेच लक्ष्य झाले की ते माप म्हणून निकामी होते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. निबंधावरून मुलाची भाषा कळते, म्हणून आपण परीक्षेत निबंध ठेवतो. मग मुले गाईडमधला निबंध पाठ करतात, आणि त्या निबंधावरून मुलाची भाषा कळेनाशी होते. दुव्याचे तसेच झाले.

शोधयंत्रांनी आपली मोजणी बदलत नेली. २००५ मध्ये ‘हा दुवा शिफारस म्हणून धरू नये’ अशी खूण दुव्याला जोडण्याची सोय झाली. २००८ मध्ये गूगलने डिरेक्टरीत नोंद करण्याचा सल्ला आपल्या सूचनांतून काढून टाकला. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाचा बदल आला आणि विकत घेतलेल्या, बनावट दुव्यांवर उभी असलेली पाने एकदम खाली गेली. ज्या नोंदींसाठी लोकांनी पैसे मोजले होते, त्या काढून टाकण्यासाठी ते आता धावाधाव करू लागले. याहूची डिरेक्टरी डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. डीमॉझच्या जुन्या संपादकांनी ‘कर्ली’ या नावाने काम पुढे नेले, पण ते पूर्वीचे दिवस आले नाहीत.

मात्र डिरेक्टरीची कल्पना मेली असे म्हणता येणार नाही. १९९६ पासून फोनवर पत्ते सांगणारी मुंबईची ‘जस्टडायल’ ही डिरेक्टरीच आहे. नकाशावर दुकाने आणि मुक्कामाची ठिकाणे नोंदवणाऱ्या सेवा हीसुद्धा डिरेक्टरीच. आणि जेथे चूक परवडत नाही, त्या जमिनीच्या दफ्तरात उतरंड अजूनही ठाम आहे. सातबाऱ्यासाठी ‘बहुधा हे कर्जत असावे’ असा अंदाज कोणी चालवून घेणार नाही.

आपल्या तालुक्यापुरते

कोथळीगडाच्या, म्हणजे पेठच्या, वाटेवर एखादे कुटुंब पाहुण्यांसाठी घरगुती मुक्काम चालवते, असे समजू. त्यांना फोन येतो : ‘इतके पैसे भरा, पाचशे डिरेक्टऱ्यांत नाव घालतो, गूगलवर पहिले याल.’ आपल्या खेळातील आकडेमोड ज्याने केली आहे त्या विद्यार्थ्याने घरी जाऊन सांगावे, की हे पैसे पाण्यात जातील आणि कदाचित नुकसानही होईल. त्याऐवजी पानावर गाव, कर्जत तालुका, रायगड जिल्हा हे शब्द स्पष्ट लिहावेत. स्टेशनावरून वाट कशी येते, पावसाळ्यात कुठला ओढा भरतो, जेवायला काय मिळते, हे खरे खरे लिहावे. नकाशावरील नोंद बिनचूक ठेवावी. येऊन गेलेल्या गिर्यारोहकांच्या मंडळाने आपल्या पानावर त्यांचा उल्लेख केला, तर तो एक दुवा त्या पाचशांपेक्षा भारी ठरेल.

शाळांनाही हेच लागू आहे. पुष्कळदा शाळेची माहिती फलकाच्या छायाचित्राच्या रूपाने चढवलेली असते. चित्रातील अक्षरे यंत्राला हमखास वाचता येतातच असे नाही. जुने मराठी अंक त्या वेळच्या खास टंकांत आहेत. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत साठवलेले असते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. म्हणून शब्द शोधून ते पान सापडत नाही. तोच मजकूर युनिकोड देवनागरीत लिहिला की सापडतो. आणि मघाचे महड-महाड आठवा. रोमन लिपीत जो घोटाळा होतो, तो देवनागरीत लिहिणाऱ्याला आणि शोधणाऱ्याला एका कान्याने टाळता येतो.

यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. ‘कर्जत’ हा शब्द इंग्रजीत टाकून पहिल्या वीस पानांची वर्गवारी मुलांकडून करून घ्या : जमीन आणि फार्महाऊस विकणारी किती, रिसॉर्टची किती, इतिहासाची किती, शेतीची किती? मग तेच मराठीत करा आणि दोन तक्ते शेजारी ठेवा. शोधयंत्र असलेल्या पानांतूनच निवड करते. ज्यांच्याकडे पान लिहून घ्यायला पैसा आहे, त्यांची पाने जास्त असणार. आपल्या दोन्ही तालुक्यांतील ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना पावसाळ्यातल्या रानभाज्यांची नावे, त्या कुठे उगवतात, कोणती कशी उकळून कडूपणा काढायचा, हे तोंडपाठ असते. ते कोणी लिहिले नाही तर यंत्राच्या उलट्या वहीत तो शब्दच नसेल. मग कितीही हुशार यंत्र असले तरी मोजायचे काय? हल्ली यंत्रे पानांची यादी देण्याऐवजी स्वतःच उत्तर रचून सांगू लागली आहेत. तीही लिहिलेल्यावरूनच रचतात. आणि एका कर्जतची माहिती दुसऱ्याला चिकटली, तर ती चूक उत्तरात मुरून जाते, दिसतसुद्धा नाही.

म्हणून या वर्षीच्या प्रकल्पासाठी एक सुचवावेसे वाटते. वर्गाने आपल्या तालुक्याची डिरेक्टरी करावी. आधी जाड वहीत, मग जमल्यास महाजालावर. वर्ग मुलांनीच पाडावेत : ओढे, देवराया, लेणी, भाताच्या जाती, रानभाज्या, वीजकेंद्र, बाजारचे दिवस. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळींचे वर्णन, विशेषणे गाळून. माहिती कोणी सांगितली आणि कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहिली, तेही लिहावे. मात्र माणसाचे नाव घालण्याआधी त्याला विचारावे. भिवपुरीचे वीजकेंद्र कुठे घालावे यावर वर्गात भांडण होईल. होऊ द्यावे, रंगनाथनांना पडलेला प्रश्न मुलांना स्वतःहून पडला, असे समजावे. आणि वन्यप्राण्यांच्या पानावर काळवीट आलेच, तर त्या मुलीने स्वतःच्या हाताने त्यापुढे लिहावे : ‘हे दुसऱ्या कर्जतचे.’